कसेल त्याची कथा

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे कथा यायला लागतात. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा पहिल्यांदा वाचून त्यांची चाळणी करायचं काम मी गेली चौदा वर्षं करते आहे. ऐरोलीच्या आमच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग या गठ्ठ्याचा असतो. हल्ली सगळं ईमेलनंच येतं, तरी मी छापून घेते. हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही.

या चौदा पावसाळ्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा समोर आला. कथा-कादंबरी लिहिणाऱ्यानं फक्त आपल्याला माहीत असलेलंच लिहावं का? आधी तो सल्ला होता. लेखनाच्या कार्यशाळेत पहिल्याच तासाला नव्या मुलांना सांगतात, उगाच स्वित्झर्लंडमधली प्रेमकथा लिहू नका, आपल्या गल्लीतलं लिहा. त्यात चुकीचं काही नाही. पण बघता बघता त्या सल्ल्याचा नियम झाला आणि नियमाचा आरोप. हा विषय तुमचा नाही, तुम्ही का लिहिलंत? ठाण्या-मुंबईच्या सभागृहांत हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि एकदा ते माझ्याबद्दलही म्हटलं गेलं. तो प्रसंग आधी सांगते, कारण माझा विचार तिथून सुरू झाला.

ठाण्यातल्या एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर कथावाचन होतं. तीसेक माणसं, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग. मी माझी एक कथा वाचली. नायक माथाडी कामगार, तुर्भ्याच्या बाजार समितीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधला. मी तयारी केली होती, निदान मला तसं वाटत होतं. १९६९ चा माथाडी कायदा वाचला होता, अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेबद्दल वाचलं होतं, दोन पहाटे मार्केटमध्ये जाऊन उभी राहिले होते. माझा नायक क्विंटलची गोणी मानेवर घेतो, दिवसभर वाहतो, घरी येतो आणि कॉटच्या कडेला गप्प बसून राहतो. शेवटी त्याचा मुलगा झोपलेल्या बापाच्या मानेवरच्या घट्ट्याला हात लावतो. वाचून झाल्यावर दोन-तीन जणांनी डोळे पुसले.

मग मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. त्याचे वडील त्याच मार्केटमध्ये एकतीस वर्षं होते, घर कोपरखैरण्याला. तो स्वतः महापेला एका कंपनीत नोकरी करतो. अगदी सौम्यपणे बोलला.

"मॅडम, कथा चांगली आहे. पण तुमचा माणूस क्विंटलची गोणी उचलतो. ५० किलोच्या वरची गोणी उचलायची नाही, यासाठी आमच्या बाबांनी आणि त्यांच्या टोळीनं कितीदा काम बंद ठेवलंय. तुमच्या माणसानं ती उचलली आणि एक शब्द बोलला नाही."

मी काहीतरी म्हणायला गेले, तर त्यानं पुढचं सांगितलं.

"आणि बाबा घरी आले की गप्प बसत नाहीत. कुठल्या गाळ्यावर व्यापारी काय बोलला, मुकादमानं कुणाची बाजू घेतली, वाराईच्या पैशांवरून कुणाचं भांडण झालं, सगळं आईला सांगतात. नकला करतात सगळ्यांच्या. आई पोळ्या लाटता लाटता हसते. तुम्ही आमच्या घरात फक्त दुःख बघितलंत."

माझ्या शेजारी बसलेले एक ज्येष्ठ लेखक लगेच म्हणाले, "म्हणूनच म्हणतात, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आपण आपलं लिहावं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि सभा संपली.

त्या रात्री ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवरून गाडी पकडली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की ही कथा फाडायची आणि यापुढे नौपाडा सोडायचा नाही. नौपाड्यातली चाळवजा इमारत, आमचं एकत्र कुटुंब, शाळा, मासुंदा तलावाच्या काठावरची संध्याकाळ, एवढं माझं. पण पुढचे कितीतरी दिवस त्या मुलाचं बोलणं मनात घोळत राहिलं, आणि मग लक्षात आलं की तो "लिहू नका" असं म्हणालाच नव्हता. तो "बघितलं नाहीत" एवढंच म्हणाला होता. "लिहू नका" हे माझ्या शेजारच्यांनी त्याच्या तोंडी घातलं. आपल्या सगळ्या वादाचा घोळ या दोन वाक्यांच्या सरमिसळीत आहे असं मला वाटतं.

आधी हे मान्य करू की "तुमचा विषय नाही" म्हणणाऱ्यांच्या रागाला सबळ कारण आहे. मराठीत किती दशकं खेडं, पाडा आणि गावकुसाबाहेरची वस्ती दुसऱ्यांनीच लिहिली. कळवळ्यानं लिहिली, हे खरं. पण त्या लेखनातली माणसं बहुतेकदा सोसणारी, कृतज्ञ आणि मुकी. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं, १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं'. ही पुस्तकं आली तेव्हा वाचकाला पहिल्यांदा कळलं की आधीच्या कळवळ्यात काय काय राहून गेलं होतं. भूक आधीच्या लेखनातही होती. पण त्या भुकेबरोबरचा संताप, लाज, आपल्याच माणसांवरची चीड, वस्तीतली चढाओढ, शरीराची हाव, थट्टा, हे आतून आलेल्या माणसानंच लिहिलं. त्यामुळे "आमच्यावर तुम्ही लिहू नका" असं कुणी म्हणालं तर मी ते चिडून उडवून लावणार नाही. त्या वाक्याला मोठा इतिहास आहे.

तरीही त्या वाक्याचा नियम करायला माझा विरोध आहे.

आपल्याकडे जमिनीच्या भाषेत विचार करायची सवय आहे आणि या प्रश्नातही ती आपसूक येते. हा अनुभव कुणाचा, सातबारा कुणाच्या नावावर? या भागात सातबारा हा शब्द जपून वापरावा लागतो. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं, खाजणं नव्या शहरासाठी घ्यायला सुरुवात झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेमागे ते रक्त आहे. ज्याच्या सातबाऱ्यावरचं नाव एका सहीनं गेलं, त्याला "अनुभव कुणाच्या मालकीचा नसतो" असं साहित्यिक प्रवचन मी देणार नाही. 

पण याच कुलाबा (आताचा रायगड) आणि ठाणे जिल्ह्यांच्या पट्ट्यानं सातबाऱ्यापेक्षा मोठा एक दावाही केला आहे. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले. कागदावर जमीन खोताची होती. त्यांचं म्हणणं, चिखलात आम्ही उतरतो. पुढे कूळकायदा आला आणि "कसेल त्याची जमीन" हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसले. मला कथेच्या बाबतीत हाच न्याय योग्य वाटतो. कसेल त्याची कथा. जन्मानं एखादा अनुभव माझ्या नावावर लागला, एवढ्यानं तो माझ्याकडून लिहिला जाईलच असं नाही. आणि जो माझ्या नावावर नाही, तो कसण्याचे कष्ट मी घेतले तर मला कुणी अडवू नये. मात्र न कसता पीक घरी नेणाऱ्याला आपल्याकडे खोत म्हणतात, हेही विसरता कामा नये. दोन पहाटे मार्केटमध्ये उभं राहून मी माथाड्याचं दुःख उचललं आणि टाळ्या घेतल्या, तेव्हा मी तेच केलं होतं. ५० किलोची मर्यादा ही त्या माणसांनी झगडून मिळवलेली गोष्ट. मी क्विंटल लिहून तो झगडा पुसून टाकला. याला तपशिलातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. वजन चुकलं तिथेच माणूस चुकला.

आता दुसरी बाजू. "आपलं माहितीतलं लिहा" हे पाळणाऱ्या कथा कशा असतात ते मी दर पावसाळ्यात बघते. मुलगा अमेरिकेत, म्हातारा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकटा, व्हिडिओ कॉल, खिडकीतून दिसणारे येऊरचे डोंगर, शेवटी एक पक्षी. लिहिणाऱ्यानं हे स्वतः भोगलेलं असतं, माझी त्याबद्दल शंका नाही. तरी पंधरा कथा ओळीनं वाचल्या की त्या एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटतात. कारण आपलं असलं म्हणजे ते माहीत आहे, हे आपण धरूनच चालतो. जवळचं आहे म्हणून आपण ते बघतच नाही.

माझ्या आईवर मी तीन कथा लिहिल्या. तिन्हींतही ती स्वयंपाकघरात आहे, पदराला हात पुसते, स्वतःसाठी काही मागत नाही. ती गेल्यावर कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली एक वही सापडली, शाळेची, चौकटीच्या कागदाची. त्यात ती अकरा वर्षं इमारतीतल्या बायकांची भिशी चालवत होती. दर महिन्याला कुणाची उचल, कुणाचा हप्ता राहिला, कुणाला मुलाच्या फीसाठी नंबर आधी दिला, सगळं तिच्या तिरक्या अक्षरात. एका नावापुढे कंसात लिहिलं होतं, "विश्वास नाही". त्या काकू आमच्याकडे रोज दुपारी चहाला यायच्या. दोघी हसत असायच्या. वहीच्या शेवटच्या पानांवर मामाला दिलेल्या रकमा होत्या, आणि त्यातली एकही परत आल्याची नोंद नव्हती. आमच्या घरात मामाचा विषय का निघत नसे ते मला पन्नाशीत कळलं. माझ्या तिन्ही कथांमधल्या बाईकडे ही वही नव्हती. माणसं पारखणारी, हिशोब ठेवणारी, एखाद्यावर मनातून फुली मारणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोर वावरत होती आणि मी पदर बघत बसले. माथाड्याच्या घरात मी फक्त दुःख बघितलं, तसा आईच्या घरात फक्त त्याग. मग "माहीत असलेलं" म्हणजे नेमकं काय? जन्माचा दाखला दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या परंपरेत दुसऱ्याच्या आयुष्यात शिरण्याला एक सुंदर शब्द आहे, परकायाप्रवेश. नटांच्या आणि लेखकांच्या कौतुकात तो इतका वापरला जातो की त्यामागची गोष्ट झिजून गेली आहे. आदि शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद. मंडनमिश्र हरले तेव्हा त्यांच्या पत्नीनं, उभयभारतीनं, आचार्यांना गृहस्थाच्या, कामशास्त्राच्या प्रश्नांवर अडवलं. संन्यासी माणूस उत्तर काय देणार? दंतकथा सांगते की त्यांनी मुदत मागून घेतली, स्वतःचा देह गुहेत शिष्यांच्या राखणीत ठेवला आणि अमरुक नावाच्या मृत राजाच्या शरीरात शिरून तो संसार जाणून घेतला. या गोष्टीत मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एवढ्या मोठ्या पंडितानं "मला माहीत नाही" असं कबूल केलं आणि वेळ मागितला. दुसऱ्याच्या देहात जाण्यासाठी स्वतःचा देह बाहेर ठेवावा लागला. आणि परत येऊन ज्या बाईनं प्रश्न विचारला होता तिच्यासमोरच उत्तर द्यावं लागलं. आपण लेखक मंडळी परकायाप्रवेशाचा अभिमान सांगतो, पण वेळ मागत नाही, स्वतःचा देह सोडत नाही आणि उभयभारतीसमोर जातही नाही. माथाड्याच्या शरीरात मी शिरले ती नौपाड्याची मध्यमवर्गीय बाई म्हणूनच. म्हणून तो घरी येऊन गप्प बसला. आमच्याकडे दुःख झालं की गप्प बसायची रीत आहे.

हे जमू शकतं याचे पुरावे आपल्याच ग्रंथालयांत आहेत. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापायला घेतली. लेखक सव्वीस वर्षांचा पुरुष, आणि कादंबरी यमू नावाच्या मुलीनं स्वतः सांगितलेली, बालविवाहापासून वैधव्य आणि केशवपनापर्यंत. आजचा नियम लावला तर ती लिहिली जायला नको होती. पण त्याच काळात काशीबाई कानिटकर लिहीत होत्या आणि हरिभाऊंशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता. आठ वर्षं आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषी पावित्र्याचे वाभाडे काढले होते. ताराबाईंचा आवाज यमूच्या आवाजापेक्षा कितीतरी धारदार आहे, आणि ताराबाईंची ती धार हरिभाऊंना साधली असती असं मला वाटत नाही. तरी यमू नसती तर मराठी घराघरांत त्या वेळी जे वाचलं गेलं ते वाचलं गेलं नसतं. दोन्ही हवं होतं.

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केलं. तारेच्या कुंपणातली ती वसाहत आणि रोजची हजेरी. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा तेव्हा जिवंत होता, तो १९५२ मध्ये संपला. त्या कामातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. शिक्षित ब्राह्मण बाईचा तो विषय नव्हता. पण तिनं तिथे वर्षं घालवली होती, तेही कुंपणाच्या सत्तेच्या बाजूला उभं राहून, आणि ते अवघडलेपण कादंबरीत आहे. तीस वर्षांनी, १९८० मध्ये, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. आता भटक्या-विमुक्तांचं जग त्यांच्याच तोंडून आलं. 'बळी' त्यामुळे खोटी ठरली का? मी तिन्ही पुस्तकं एकामागोमाग वाचली आहेत. 'उपरा' वाचल्यावर 'बळी'त काय दिसत नाही ते कळतं. आणि 'बळी' वाचून झाल्यावर मला तरी वाटलं की त्या जगाची दारं बाहेरून ठोठावणारं कुणीतरी तीस वर्षं आधी होतं, हे बरं झालं.

नियम कडकपणे लावायचा तर कादंबरी हा प्रकारच बंद करावा लागेल. माझ्या कादंबरीत बाप असेल, तर मी बाप नाही. भाजीवाला असेल, मूल असेल, मेलेला माणूस असेल. नवी मुंबईचीच गोष्ट घ्या. सेक्टरमध्ये राहणाऱ्यांच्या कथा माझ्याकडे येतात, त्यांत मॉल असतो, पाम बीच रोड असतो, कंपनी असते. गावठाणातल्यांच्या कथा फार थोड्या येतात, त्यांत खाडी असते, गेलेली शेती असते, भावकीतलं प्लॉटचं भांडण असतं. घणसोलीला मी अनेकदा बघते, सेक्टरचा रुंद रस्ता संपून पन्नास पावलांवर गावाची अरुंद गल्ली सुरू होते, दारात ओटा, ओट्यावर वाळत घातलेली सुकी मासळी. पण कथांमध्ये ही पन्नास पावलं कुणी चालत नाही. दोघांनीही आपापलं माहितीतलं लिहायचं ठरवलं, तर या शहराची निम्मी निम्मी पुस्तकं होतील आणि शहर कुठेच राहणार नाही.

गावठाणातून थोड्या कथा का येतात याबद्दल मात्र मी आम्हा संपादन करणाऱ्यांना दोष देते, आणि त्यात माझा वाटा आहे. काही वर्षांपूर्वी एका आगरी मुलीची कथा आली होती. आजी आणि नात, खाडीवर, रात्रीची वेळ. सुरेख होती. मी ती निवडली आणि शुद्धलेखन तपासताना आजीच्या संवादांतला प्रत्येक "मना" पुसून "मला" केला, "नाय"चं "नाही" केलं. अंक निघाल्यावर तिचा फोन आला. "ताई, माझी आजी मना बोलते. तुम्ही लिहिलंय ती माझी आजी नाय." मी माफी मागितली, पण छापलेलं परत येत नाही. तिनं त्यानंतर आमच्याकडे कथा पाठवली नाही. "कुणी कशावर लिहावं" या वादात आपण तासन्‌तास घालवतो. ज्यांनी स्वतः लिहून पाठवलं त्यांच्या आजीची जीभ आपण कापतो, यावर चर्चासत्र होत नाही. बाहेरच्यानं लिहू नये असा नियम करून त्या मुलीची कथा छापली जाणार नाही. ती छापली जाईल ती माझ्यासारखीनं पेन्सिल खाली ठेवली तर.

आणखी एक विचार मला स्वस्थ बसू देत नाही. ज्यांना लिहिताच येणार नाही त्यांचं काय? ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. अख्ख्या महाराष्ट्रात "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद चालतो. आम्ही ठाणेकर लहानपणापासून तो ऐकत आलो आणि हसत आलो. कथांमध्येही वेडी माणसं भरपूर येतात, केस पिंजारलेली, खदाखदा हसणारी, आणि एखादं गूढ सत्य बोलून जाणारी. त्या भिंतीआड बरी होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत, कारण घरचे न्यायला येत नाहीत, दिलेल्या पत्त्यावर कुणी सापडत नाही. त्यांच्यातलं कुणी आत्मचरित्र लिहील आणि ते माझ्या टेबलावर येईल, या भरवशावर मी बसायचं का? ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं असं म्हणताना आपण भोगणारे सगळे लिहू शकतात असं समजतो. लहान मूल, विस्मरण झालेली म्हातारी, दगावलेला माणूस यांच्या वतीनं कुणाला तरी लिहावंच लागेल. तिथे "माझा विषय नाही" हा नम्रपणा मला सोयीचा वाटतो. त्या रुग्णालयाच्या दारातून आत जायची भीती त्यामागे दडवता येते.

मग वाचताना ओळखायचं कसं, कुणी कसलं आहे आणि कुणी बांधावरून शेती केली आहे? तपशील बरोबर असणं पुरत नाही. तो आजकाल फोनवर मिळतो. चौदा वर्षांच्या वाचनातून मी एक खूण धरली आहे. जे पात्र लेखकाला खरोखर कळलेलं असतं, त्याला विनोदबुद्धी असते, खोडी असते, कुणाचा तरी मत्सर असतो. आणि लेखक त्याच्या दारात गेला तर लेखकाबद्दलही त्याचं काहीतरी मत होईल, असं वाटतं. वरवर लिहिलेल्या पात्राचं कुणाहीबद्दल मत नसतं. ते फक्त सोसतं. शेतकरी आत्महत्येच्या कथा येतात, त्यांत झाड आणि दोर असतो. पीक कोणतं, कर्ज सोसायटीचं की सावकाराचं, व्याह्यांशी त्याचं का वाजलं, तंबाखू कुठली, यातलं काही नसतं. असा माणूस मेला तरी मला रडू येत नाही, कारण तो आधी जगलेलाच नसतो. आणि हे मी शहरातल्या लेखकांबद्दलच म्हणत नाही. खेड्यातून आलेल्या कथांमध्ये मुंबईची सून येते, ती अशीच लाकडी असते. तिलाही कुणी बघितलेलं नसतं.

ती माथाड्याची कथा मी फाडली नाही. त्या तरुणाला फोन केला आणि विचारलं, तुमच्या बाबांना भेटू का? कोपरखैरण्यातलं माथाड्यांच्या वसाहतीतलं छोटं घर, वर एक मजला चढवलेला. बाबा निवृत्त झालेत. पहिल्या भेटीत ते माझ्याशी फार अदबीनं बोलले, म्हणजे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी साताऱ्याकडचं गाव निघालं, जावळीचं, मग बोलायला लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याची नक्कल करून दाखवली. मालाच्या हिशोबाची पट्टी करताना चष्मा कपाळावर ढकलून तो कसा बोटं मोजायचा, ते. त्यांची बायको आतून म्हणाली, "झालं सुरू." मी वही काढली नव्हती. त्यांनीच विचारलं, "लिहून नाही घेत?" मी म्हटलं, आधी ऐकते.

मग मी त्यांना जुनी कथा वाचून दाखवली. घट्ट्याची, क्विंटलच्या गोणीची. ते पूर्ण ऐकत होते. संपल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्यातला माणूस संघटनेत नाही का?" मी म्हटलं, तसं मी काही लिहिलेलं नाही. "मग तो एकटा कसा वाहतोय? टोळी कुठाय त्याची?" माझ्या सगळ्या कथेत त्याच्याबरोबर काम करणारा दुसरा माणूसच नव्हता. एकट्याच्या दुःखाची मला इतकी सवय, की मार्केटमध्ये दोन पहाटे समोर दिसलेली माणसं मी कथेतून वगळली होती.

नवी कथा अजून व्हायची आहे. टोळीत आता अकरा जण आहेत, मुकादम आहे, त्याचं आणि नायकाचं एका लग्नावरून बिनसलेलं आहे. पहिला खर्डा मी मागच्या महिन्यात बाबांकडे नेला. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. एका संवादाला म्हणाले, हे पुस्तकी झालं. मी पेन्सिलीनं खूण केली. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "रविवारी या. मार्केट बंद असतं. टोळीतले दोघं-तिघं येतील, त्यांच्यासमोर वाचा."